बाबांची पॉवर ऑफ अटर्नी करून ठेवली म्हणजे झालं का?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. तुम्ही एडिनबराला राहता. बाबा ७६ वर्षांचे, आई ७१, दोघं कोथरूडला स्वतःच्या फ्लॅटमध्ये, भाऊ संभाजीनगरला. बाबांना स्मृतिभ्रंशाची सुरुवात आहे असं न्यूरोलॉजिस्टनी सांगितलंय. तुमच्याकडे स्कॉटलंडमध्ये माणूस धडधाकट असतानाच एक कागद करून ठेवतो, त्यात पैशांचे व्यवहार कोण बघणार आणि औषधपाणी, राहणं, देखभाल याचे निर्णय कोण घेणार दोन्ही लिहिलेलं असतं, आणि तुम्हाला तसंच इथे करायचंय. एका ओळखीच्या माणसाने सांगितलं की ५०० च्या स्टॅम्पवर जनरल पॉवर ऑफ अटर्नी, म्हणजे मुखत्यारपत्र, करा, नोटरी करा, विषय संपला. तर खरंच संपला का, असं तुम्ही विचारलंय.

नाही संपला. मी पुण्यात पंचवीस वर्षांहून जास्त वकिली करतेय, त्यातलं निम्मं काम म्हातारी माणसं, त्यांची घरं, त्यांच्या ठेवी यांचंच आहे, आणि दर महिन्याला एक तरी कुटुंब असं येतं ज्यांच्या हातात व्यवस्थित लॅमिनेट केलेलं मुखत्यारपत्र असतं आणि ते नेमकं गरजेच्या दिवशी निकामी झालेलं असतं. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आपल्याकडे मुखत्यारपत्र म्हणजे एजन्सी. बाबा मालक, तुम्ही किंवा भाऊ त्यांचे एजंट. आणि भारतीय करार कायदा, १८७२, त्याचं कलम २०१ सांगतं की मालक वारला किंवा त्याचं मानसिक संतुलन गेलं की एजन्सी संपते. म्हणजे बाबांना स्वतःला सगळं कळतंय, फक्त पायऱ्या उतरवत नाहीत म्हणून भाऊ बँकेत जातो, तोवर हा कागद उत्तम. ज्या दिवशी बाबांना आपण कशावर सही केली होती हेच समजेनासं होईल त्या दिवशी तो कायद्याने मेला. कागदावर "मला पुढे काही समजेनासं झालं तरी हे मुखत्यारपत्र चालू राहील" असं ठळक अक्षरात लिहिलं तरी फरक पडत नाही, असे कागद मी पाहिलेत, टाइप करणाऱ्याने इंटरनेटवरून इंग्लंडचा किंवा अमेरिकेचा मसुदा उचललेला असतो. कलम २०२ मध्ये एक अपवाद आहे, पण तो एजंटचा स्वतःचा त्या मालमत्तेत हितसंबंध असेल तेव्हाचा, बापाची देखभाल करणाऱ्या मुलाला तो लागू होत नाही.

तुमच्याकडचा कायदा हीच फट बुजवायला केलाय. स्कॉटलंडचा २००० सालचा अक्षम प्रौढांसंबंधीचा कायदा, त्यात पैशांचं मुखत्यारपत्र पुढेही चालू राहतं, आणि देखभालीचं तर माणसाची निर्णयक्षमता गेल्यावरच सुरू होतं. कागद करताना वकील किंवा डॉक्टर त्या माणसाशी स्वतः बोलून सर्टिफिकेट देतो की याला कळतंय आणि याच्यावर कुणाचा दबाव नाही, मग ते फॉलकर्कच्या पब्लिक गार्डियन ऑफिसात नोंदवलं जातं. इंग्लंड वेल्समध्ये २००७ पासून असाच प्रकार आहे, फक्त तिथे पैशाचा आणि तब्येतीचा असे दोन वेगळे फॉर्म. आपल्याकडे असा एक कागद आजपर्यंत नाही. आणि तुम्ही तिथे स्वतःसाठी केलेला कागद कोथरूडच्या बँकेत दाखवून उपयोग नाही, बाबांनी तिथला फॉर्म भरून तर मुळीच नाही. एकच मोठं कुलूप नाही म्हणून चार छोटी लावायची, असं समजा.

आधी पैशांचं. माझ्या स्वतःच्या घरातलं सांगते. माझ्या मावसकाकांना अर्धांगवायूचा झटका आला, बोलणं गेलं, माणूस ओळखत होते की नाही तेही कळत नव्हतं. निवृत्तीचे जवळजवळ सगळे पैसे एकट्याच्या नावावर एफडीत. मावशी नॉमिनी होती, आणि ती बिचारी नॉमिनेशनची पावती घेऊन बँकेत गेली. काउंटरवरच्या मुलीने पावती बघितली, उलटी केली, परत दिली आणि म्हणाली, काकू, हे काका गेल्यावर. मावशी तिथेच खुर्चीवर बसली. हॉस्पिटलचं बिल रोज वाढत होतं आणि नवऱ्याचे पैसे मिळवायला नवरा मरायला हवा असं तिने त्या वाक्यातून ऐकलं. त्या मुलीची चूक नव्हती, नियम तोच आहे. नॉमिनी म्हणजे मेल्यानंतर बँकेने पैसे कुणाच्या हातात द्यायचे तो माणूस, जिवंतपणी त्याला शून्य अधिकार. आता नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चारपर्यंत नॉमिनी टाकता येतात, चांगलंच आहे, टाका, पण आजारपणात चारही नॉमिनी मिळून एक रुपया काढू शकत नाहीत.

म्हणून तुमच्या बाबतीत पहिलं काम जॉइंट अकाउंट. बाबांची जेवढी खाती आणि एफडी एकट्याच्या नावावर आहेत त्यात आईचं नाव, आणि शक्य असेल तर भावाचंही, "आयदर ऑर सर्व्हायवर" किंवा तिघं असतील तर "एनीवन ऑर सर्व्हायवर" या पद्धतीने. "फॉर्मर ऑर सर्व्हायवर" लिहून आला असाल तर बदला, कारण त्यात पहिला माणूस जिवंत असेपर्यंत दुसऱ्याला हात लावता येत नाही. फॉर्मवर छोट्या चौकोनात एक टिक असते, तिच्यावर सगळं अवलंबून असतं आणि कुणी वाचत नाही. एफडीचं वेगळं विचारून घ्या, मुदत संपल्यावर एकाची सही चालते पण मुदतीआधी मोडायची तर बऱ्याच बँका दोघांच्याही सह्या मागतात, त्यामुळे मुदतपूर्व मोडण्याची परवानगी आत्ताच लेखी देऊन ठेवता येते का ते मॅनेजरला विचारा. तुमचं नाव घालायचं तर तुम्ही परदेशात राहता म्हणून कागदपत्रं वेगळी लागतात, मी तरी रोजच्या खात्यात आई आणि भाऊच ठेवा म्हणेन. पीपीएफ जॉइंट होतच नाही. पेन्शनचं खातं बायकोबरोबर जॉइंट करता येतं, ते करा, आणि नोव्हेंबरचा हयातीचा दाखला कोण करून घेणार हेही ठरवा, तो राहिला की पेन्शन थांबते.

जॉइंट खातं म्हणजे त्या माणसाला पैसे देऊन टाकणं नव्हे, तो हिशेबाला बांधलेलाच असतो, पण प्रत्यक्षात पैसे काढायला त्याला कुणी अडवत नाही हेही तितकंच खरं. म्हणून भावाच्या नावाला बाबांची मनापासून तयारी आहे का हे त्यांनाच विचारा. आणि सगळे पैसे एका खात्यात नको. घरखर्चाचं एक छोटं खातं, त्यालाच एटीएम कार्ड आणि मोबाइल बँकिंग, बाकीच्या खात्यांवरची ऑनलाइन मर्यादा अगदी खाली आणा. विसरायला लागलेल्या माणसाला फोनवर घाबरवून पैसे काढून घेणाऱ्यांचा सुळसुळाट झालाय, पोलिस बोलतोय, तुमच्या नावाने पार्सल सापडलंय वगैरे, आणि स्मृतिभ्रंशाच्या सुरुवातीला माणूस बोलायला इतका व्यवस्थित असतो की घरच्यांनाही संशय येत नाही.

बरं, सही. बाबांची सही बदलायला लागली असेल. माझ्यासमोर एक निवृत्त मुख्याध्यापक बसले होते, सुंदर अक्षर, आयुष्यभर दाखल्यांवर सह्या केलेल्या. आडनावाच्या शेवटच्या अक्षरापर्यंत आले, पेन थांबलं, आणि त्यांनी वर बघून बायकोला विचारलं, "पुढं काय?" बायकोने सांगितलं नाही, फक्त त्यांच्या मनगटावर हात ठेवला. थोड्या वेळाने त्यांनीच पूर्ण केली. बँकेच्या रेकॉर्डला पंधरा वर्षांपूर्वीची सही असते, ती जुळली नाही की चेक परत. तेव्हा आत्ताच जाऊन नवी सही नोंदवा. नुसतं शरीर साथ देत नसेल, हात चालत नसेल, पण डोकं शाबूत असेल, तर अंगठा लावून, दोन साक्षीदारांसमोर, त्यातला एक बँकेचा अधिकारी, असं पैसे काढता येतात, रिझर्व्ह बँकेच्या तशा सूचना आहेत, आणि अधिकाऱ्याने घरी किंवा दवाखान्यात यायचं असतं. लोकांना माहीत नसतं म्हणून रुग्णाला स्ट्रेचरवरून बँकेत नेतात. पण हे शरीराच्या असमर्थतेसाठी आहे, ज्याला समजतच नाही त्याचा अंगठा धरून लावणं हा गुन्हा आहे, स्वतःच्या बापाचा असला तरी.

आता मुखत्यारपत्र करायचंच नाही का? करा, जरूर करा. बाबांकडे अजून चांगले दिवस आहेत आणि त्या काळात ते खूप कामी येतं, सोसायटी, वीज मीटर, इन्कम टॅक्स, शेअर्स, सगळीकडे. फक्त ते किती काळ चालेल हे डोक्यात ठेवून करा. फ्लॅटचा व्यवहार त्यात असेल तर नोटरीवर भागवू नका, सब-रजिस्ट्रारकडे जाऊन नोंदणीकृत करा. "माझी सर्व स्थावर जंगम मालमत्ता" असं गोळाबेरीज लिहिण्यापेक्षा कुठला फ्लॅट, कुठली खाती, विकायचा अधिकार आहे की फक्त भाड्याने द्यायचा, हे एकेक लिहा. दोघांना दिलं, म्हणजे आईला आणि भावाला, तर दोघांनी मिळून की कुणीही एकाने हे स्पष्ट लिहा, मी तरी फ्लॅट विकायला दोघांनी मिळून आणि बाकीला कुणीही एक असं लिहून घेते. तुम्हाला स्वतःला तिथून इथल्या एखाद्या कामासाठी कुणाला मुखत्यारपत्र द्यावं लागलं, तर ते तिथल्या भारतीय वकिलातीत किंवा नोटरीपुढे करून पाठवा, आणि इथे पोचल्यावर तीन महिन्यांच्या आत स्टॅम्प ड्युटी भरा, ही मुदत लोक हमखास चुकवतात.

आणि एक गोष्ट अगदी कळकळीने सांगते. बाबांचं समजणं पूर्ण गेल्यानंतर, "बँकेला कुठं माहितीये" म्हणून जुन्या मुखत्यारपत्रावर फ्लॅट विकू नका. बरेच जण करतात आणि काहींचं निभावूनही जातं. पण पुढे एखाद्या चुलतभावाने किंवा घेणाऱ्याच्या बँकेने तारखा जुळवल्या, न्यूरोलॉजिस्टची फाइल कोर्टात आली, की व्यवहार मुळापासून हलतो, आणि ज्याने भल्यासाठी केलं तोच फसवणारा ठरतो. कायदा एजंटला इतकंच सांगतो की मालक असा झाला तर त्याच्या मालमत्तेचं नुकसान होऊ नये म्हणून गरजेची पावलं उचल, कलम २०९. घर विकून टाक असं सांगत नाही.

काही जण याला कंटाळून सरळ बक्षीसपत्र करतात. महाराष्ट्रात राहतं घर नवरा-बायकोला, मुलांना, नातवंडांना बक्षीस द्यायला मुख्य स्टॅम्प ड्युटी फक्त २०० रुपये आहे, वर स्थानिक अधिभार आणि बाकी खर्च वेगळा, त्यामुळे मोह होतो. मी सहसा नको म्हणते. मुखत्यारपत्राने माणूस आपलं काम दुसऱ्याला करायला देतो, बक्षीसपत्राने घरच देऊन बसतो. द्यायचंच असेल तर आम्हा दोघांना मरेपर्यंत त्या घरात राहू द्यायचं आणि सांभाळायचं ही अट त्या दस्तातच लिहा, म्हणजे २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम २३ वापरून, सांभाळलं नाही तर प्रांतांच्या न्यायाधिकरणापुढे ते रद्द करून मागता येतं. मालमत्ता मोठी असेल, किंवा मागे कायमची देखभाल लागणारं मूल असेल, तर खासगी ट्रस्टचा विचार करा, १८८२ च्या ट्रस्ट कायद्याखालचा. त्यात बाबा धडधाकट असताना पैसे ट्रस्टींच्या ताब्यात देतात आणि कशासाठी वापरायचे ते लिहून ठेवतात, नंतर बाबांची समज गेली तरी ट्रस्टींचा अधिकार जात नाही. तुमच्या प्रश्नाला सगळ्यात जवळचं उत्तर खरं तर हेच आहे, पण त्याला खर्च आहे, टॅक्सचे रिटर्न वेगळे भरावे लागतात, स्थावर टाकायची तर स्टॅम्प ड्युटीचा हिशेब आधी करावा लागतो, एका फ्लॅट आणि चार एफडीसाठी मी कुणाला सुचवत नाही.

मृत्युपत्र अर्थातच करा. पण ते मृत्यूनंतरचं, इथे त्याचा उपयोग नाही, म्हणून जास्त लिहीत नाही.

आता देखभाल आणि तब्येत. इथे आपल्या लोकांचा समज असा की बायको आहे, मुलं आहेत, तेच ठरवणार, कागद कशाला. बहुतेक वेळा तसंच चालतं, दवाखान्यात जो जवळचा नातेवाईक हजर असतो त्याच्या सहीवर काम होतं. भांडण कधी होतं, तर दोन मुलांचं दोन दिशांना मत असतं तेव्हा. एक म्हणतो व्हेंटिलेटर काढा, दुसरी विमानातून उतरून म्हणते काढाल तर बघा. आणि मध्ये आई असते, तिला कुणी विचारत नाही.

अरुणा शानबाग यांची गोष्ट आपल्या सगळ्यांना माहीत आहे. केईएममधली नर्स, १९७३ च्या नोव्हेंबरात तिच्यावर हल्ला झाला आणि २०१५ च्या मे महिन्यापर्यंत, जवळजवळ बेचाळीस वर्षं, ती त्याच हॉस्पिटलात होती. २०११ मध्ये सुप्रीम कोर्टात प्रश्न आला तेव्हा तिला जगू द्यायचं का याच्या आधी एक प्रश्न होता, तिच्या वतीने बोलायचा अधिकार कुणाचा. कोर्टाने सांगितलं, याचिका करणाऱ्या लेखिकेचा नाही, तिला इतकी वर्षं पुसणाऱ्या, भरवणाऱ्या केईएमच्या कर्मचाऱ्यांचा. मला हा निकाल वाचताना नेहमी वाटतं की तिला स्वतःला कुणाचं नाव घ्यावंसं वाटलं असतं हे सांगायची संधी मिळालीच नाही. तुमच्या बाबांना ती आज आहे.

ती दोन कागदांतून वापरायची. पहिला, २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा. नावावरून लोकांना वाटतं हा वेड्यांच्या इस्पितळाचा कायदा, आमचा काय संबंध. पण त्यातली मानसिक आजाराची व्याख्या वाचा, विचार आणि मनःस्थितीबरोबर त्यात स्थळकाळाचं भान आणि स्मरणशक्ती हेही शब्द आहेत. त्याच्या कलम १४ खाली कुणीही सज्ञान माणूस आपला नामनिर्देशित प्रतिनिधी नेमू शकतो, साध्या कागदावर, सही किंवा अंगठा करून, स्टॅम्प लागत नाही, वकील लागत नाही. उद्या बाबांना भास व्हायला लागले, रात्री घराबाहेर निघून जायला लागले, मानसोपचारासाठी दाखल करावं लागलं, तर उपचारांच्या बाबतीत त्यांच्या बाजूने कोण उभं राहणार हे त्यात ठरतं. त्याच कायद्यात कलम ५ खाली, मला कसे उपचार हवेत आणि कसे नकोत हेही आधी लिहून ठेवता येतं. या प्रतिनिधीला पैशांचा काहीही अधिकार मिळत नाही, हे मात्र लक्षात ठेवा.

दुसरा कागद लिव्हिंग विल. सुप्रीम कोर्टाने मार्च २०१८ मध्ये तो मान्य केला, पण आधी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागायची आणि ती आणायला कुणी जायचं नाही. जानेवारी २०२३ मध्ये कोर्टाने ते सोपं केलं, आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढ्यावर होतं, आणि एकापेक्षा जास्त जणांची नावं घालता येतात. बरं होण्याची आशाच नसेल तेव्हा नुसतं यंत्रांवर ठेवायचं की नाही याबद्दल हा कागद बोलतो, आणि तेव्हाही नावं घातलेला माणूस एकटा ठरवत नाही, हॉस्पिटलचं एक वैद्यकीय मंडळ आणि मग दुसरं मंडळ बघतं. त्याची एक प्रत महापालिका किंवा पंचायतीच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे ठेवायची असते. मुंबईत एका डॉक्टरांनी हायकोर्टात जनहित याचिका केल्यावर हे अधिकारी नेमायला वेग आला. गोव्यात २०२४ मध्ये हायकोर्टाच्या तिथल्या खंडपीठाचे न्यायमूर्ती एम. एस. सोनक यांनी पहिलं लिव्हिंग विल स्वतःचं करून दिलं, ते मी माझ्या अशिलांना मुद्दाम सांगते, म्हणजे हा अपशकुनाचा कागद आहे ही भीती जरा कमी होते. पुण्यात महापालिकेच्या आरोग्य विभागात विचारा, नाव घेऊन पोच घ्या.

पण ताई, या दोन्ही कागदांच्या मधली जी जागा आहे ना, ती सगळ्यात मोठी आहे. बाबा कोथरूडलाच राहणार की संभाजीनगरला भावाकडे, आईच्याने झेपेनासं झालं तर घरात माणूस ठेवायचा की देखभाल केंद्रात ठेवायचं, यासाठी आपल्याकडे कुठलाच बांधील कागद नाही, तुमच्याकडच्या कागदात तो आहे. मग मी काय करते, तर माणसाला त्याच्या शब्दांत एक पत्र लिहायला लावते. त्याला इच्छापत्र म्हणू नका, तो शब्द मृत्युपत्राला वापरतात आणि घोळ होतो, नुसतं "माझ्या देखभालीविषयी" असं वर लिहा. सही, तारीख, दोन साक्षीदार. एका आजोबांनी लिहिलेलं माझ्याकडे आहे, घरच्यांच्या परवानगीने त्यातलं थोडं सांगते. सकाळचा चहा पेल्यात, कपात नको, कप धरवत नाही. दाढी रोज करायची, न करता कुणासमोर बसवू नये. मला मुलाकडे चौथ्या मजल्यावर नेऊ नका, तिथून झाड दिसत नाही. हिला झोप मिळाली पाहिजे, त्यासाठी रात्रीचा माणूस ठेवा, माझे पैसे खर्च करा, वाचवू नका. हे शेवटचं वाक्य त्यांच्या मुलांच्यात पुढे तीन वर्षं भांडण न होण्याचं कारण ठरलं, कारण रात्रीच्या माणसाचा पगार बघून धाकट्याला वाटायचं की मोठा उधळतोय.

आणि हे काहीच केलं नाही, किंवा करेपर्यंत उशीर झाला, तर? तर हायकोर्ट. गंमत बघा, जुन्या १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात जिल्हा कोर्टाकडून अशा माणसाची मालमत्ता सांभाळायला कुणाला तरी नेमून घ्यायची सोय होती, २०१७ च्या कायद्यात ती सोयच आली नाही. अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालच्या, मुलांसाठी पालक नेमायचा कायदा आहे, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व किंवा बहुविकलांगता असलेल्या सज्ञान मुलांसाठी १९९९ चा नॅशनल ट्रस्ट कायदा आहे आणि तिथे कलेक्टरांच्या समितीकडे काम होतं, पण कोमातला नवरा किंवा सगळं विसरलेला बाप यातल्या कशातच बसत नाही. म्हणून लोक राज्यघटनेच्या कलम २२६ खाली हायकोर्टात जातात, ज्याला कुणी नाही त्याचं कोर्ट मायबाप या तत्त्वावर. केरळ हायकोर्टाने २०१९ मध्ये त्याची पद्धत घालून दिली, आणि २०२० मध्ये मुंबई हायकोर्टाने अंथरुणाला खिळलेल्या, शुद्ध हरपलेल्या नवऱ्याची पालक म्हणून बायकोला नेमलं आणि विधी सेवा प्राधिकरणाला त्यावर लक्ष ठेवायला सांगितलं. मिळतं, नाही असं नाही. पण सरकारी डॉक्टरांची तपासणी, सगळ्या वारसांची ना हरकत, सगळ्या मालमत्तेची यादी, वकिलांची फी, आणि महिने. हॉस्पिटलचं बिल महिने थांबत नाही. मावशीला शेवटी या वाटेने जावं लागलं, आणि आदेश आला तेव्हा काका जाऊन अकरा दिवस झाले होते.

म्हणून आता तुमचं. बाबांना आजार आहे म्हणजे त्यांना सही करता येत नाही असं अजिबात नाही, हे घाबरून गेलेल्या प्रत्येकाला मी आधी सांगते. करार कायद्याचं कलम १२ म्हणतं की सही करताना त्या माणसाला तो व्यवहार समजत असला आणि आपल्या भल्याबुऱ्याचा विचार करता येत असला की पुरे, एरवी तो विसरत असला तरी. पण पुढे कुणी शंका घेऊ नये म्हणून त्याच दिवशीचं डॉक्टरचं सर्टिफिकेट घ्या, शक्यतो ज्यांच्याकडे ट्रीटमेंट चालू आहे त्यांचंच. "फिट आहेत" एवढं नको, काय विचारलं आणि त्यांनी काय सांगितलं ते त्यात यायला हवं, तारीख, जागा, माणसं, घर कुणाचं, मुलं किती, हा कागद कशासाठी. जमलं तर मोबाइलवर साधं शूटिंग करा, बाबा स्वतःच्या तोंडाने सांगतायत असं. एखाद्या दिवशी बरं नसेल तर त्या दिवशी उरकून टाकू नका, परत या.

तुम्ही नोव्हेंबरात तीन आठवड्यांसाठी येताय, त्या आधी भावाला खात्यांची यादी करायला सांगा, कुठली बँक, कुणाच्या नावावर, कसं चालतं, नॉमिनी कोण, लॉकर कुणाचा. पहिल्या आठवड्यात बँक आणि सह्या, दुसऱ्यात डॉक्टर, मुखत्यारपत्र आणि बाकीचे कागद. आईचेही सगळे कागद तेव्हाच करा, तिला काही झालेलं नाही म्हणून ती नेहमी राहून जाते, आणि बाबांच्या सगळ्या कागदांवर पहिलं नाव तिचंच येणार आहे, त्यामुळे प्रत्येक ठिकाणी तिच्यामागे दुसरं नाव घाला. तुम्ही लिहिलंय की बाबा सकाळी ताजे असतात आणि चार नंतर घोटाळतात, तर सब-रजिस्ट्रारकडची वेळ अकराची घ्या, बरोबर पाणी आणि त्यांचा चष्मा ठेवा, तिथे फोटो आणि अंगठ्याच्या मशीनपुढे बसेपर्यंत ताटकळावं लागतं आणि दमले की त्यांना बोलताना शब्द सापडत नाहीत.

आणि वकील कुणीही करा, पण पहिल्या भेटीत तो तुम्हाला, आईला आणि भावाला दहा मिनिटं बाहेर बसायला सांगतो का बघा. मी सांगते. दार लावून बाबांना विचारायचं असतं, काका, तुम्हाला कुणाच्या हातात हे द्यायचंय, आणि कुणाच्या नाही. तुम्हाला आतच बसवून, बाबांना न विचारता जो सह्यांची पानं पुढे करेल, त्याच्याकडून उठून या.